पिपाणीला माइक

हरसूलजवळच्या आमच्या पाड्यावर बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या, शेवटच्या दिवशी सकाळी जगदंबेचं सोंग निघतं. देवीचा लाकडी मुखवटा जड असतो आणि त्याच्या भोकांतून चार हातांपलीकडे दिसत नाही. म्हणून पिपाणीवाला सोंगाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतो आणि सोंग आवाजाच्या मागे येतं. पिपाणी माझी, आणि देवीचं सोंग घेणारा झिपरू कित्येक वर्षं माझ्या मागे असाच नाचत आला.

२००५ साली गावच्या पोरांनी नाशिकहून ऑर्केस्ट्रा आणला. कीबोर्डवाला रविराज माझ्या पिपाणीला चिकटपट्टीने बिनतारी माइक बांधू लागला.

"बाबा, आज तुमची पिपाणी बोलणार."

"ती बोलतीच हाय. तुला ऐकू येत नाय, त्याला मी काय करू?"

"रविराजभाऊ, म्हातारा लय खवट हाय," पोरं हसली.

त्याच्या यंत्राला तो व्होकोडर म्हणायचा. मी फुंकायचं, त्याने स्टेजवरून आपल्या माइकात बोलायचं, की त्याचे शब्द माझ्या पिपाणीच्या सुरात दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून बाहेर. पहिल्यांदा "जय जगदंब" निघालं तेव्हा बायांनी हात जोडले. मला दुसऱ्याने चावलेला घास तोंडात कोंबल्यासारखं वाटलं. मग वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्याचं नाव निघालं. पुन्हा निघालं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तेवढ्यात झिपरूने माझ्याकडे पाठ केली आणि तो डावीकडच्या स्पीकरकडे निघाला. त्याला वळवायला मी जोराने फुंकलं, तर स्पीकर अजून जोराने ओरडला. तो गरकन उजवीकडे फिरला. मी माइक उपटून फेकला. रविराजने हसत कीबोर्डची पट्टी दाबली, तर त्यातूनही तोच पिपाणीचा सूर निघाला. यंत्राला माझी गरजच नव्हती. नुसती पिपाणी त्या गोंगाटात मलाही ऐकू येईना.

झिपरू मुखवट्यासकट स्पीकरच्या लोखंडी घोड्यावर आदळला. हनुवटीखालून रक्त गळू लागलं.

"देवी खेळती रं, देवी खेळती!" कुणीतरी ओरडलं.

"भारी! पुन्हा एकदा!" रविराज माइकात म्हणाला, आणि तेही पिपाणीच्याच सुरात.

निघालेल्या सोंगाला हात लावायचा नसतो. मी लावला. मनगट धरून त्याला गर्दीबाहेर आंब्याखाली आणलं आणि मुखवट्याची गाठ सोडली. ओठ फाटला होता, एक दात हलत होता.

"कुठं होता रं तू?" तो म्हणाला. "इकडून बी वाजवीत होता, तिकडून बी."

"तुझ्या म्होरंच होतो."

तो रक्त थुंकला. मी मुखवटा धोतराने पुसून मांडीवर घेतला. देवीला न्यायला कोणीतरी धावत येईल, मला चार शिव्या देईल, म्हणून आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं. मैदानात पुढाऱ्याचं नाव चालूच होतं आणि सगळा पाडा त्यावर नाचत होता. मध्ये सोंग नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.