विनी आणि चाकाचा नट

तीन मोटारी अख्ख्या खोलून त्यांच्या लाल, हिरव्या, पिवळ्या भागांचा एकच ढीग केला होता, आणि बॉस्टनहून मोटारी घ्यायला आलेल्या प्रेंटिससाहेबांनी तो स्वतः काठीने ढवळला होता. आता त्यातून पुन्हा तीन मोटारी जोडायच्या. पाना चालेल, भाग घासायला कानस नाही. कुठे कानस लागली, की साहेब ऑर्डर न देताच परत जाणार, डेट्रॉइटमधला आमचा चिमुकला कारखाना बसणार, आणि नवऱ्याला आणि दहा महिन्यांच्या विनीला घेऊन मला सासूबाईंच्या शेतावर राहावं लागणार. तिथल्या विहिरीला कठडा नाही. मला सकाळपासून फक्त ती विहीर दिसत होती.

"सगळेजण घासूनघासून बसवतात," साहेब म्हणाले. "तुमचे भाग काय आभाळातून पडलेत?"

"नाही साहेब, नीट मोजून केलेत," लॅम्बर्ट, माझा नवरा, मोटारीखालून म्हणाला.

दुपारपर्यंत दोन झाल्या. तिसरी तर नुसता पोपट! लाल तोंड, हिरवं अंग, पिवळी चाकं. पण एका चाकाचा नटच सापडेना. सगळे कारागीर गुडघ्यांवर रांगू लागले.

मी कोपऱ्यातल्या बाबागाडीत पाहिलं आणि किंचाळले. विनी तो पितळी नट दोन्ही हातांनी धरून चोखत होती! तिच्या तोंडात मावला नसता, कळत होतं मला. तरी मी झेप घेतली.

"कुणी दिला हा हिला?"

प्रेंटिससाहेब लालेलाल. "रडत होती हो. म्हटलं चकाकतंय, खेळेल."

विनी काही केल्या सोडेना. ओढला की भोकाड!

"राहू दे तिला," लॅम्बर्ट म्हणाला. "साहेब, सुट्या भागांच्या कोठीत जा. डोळे मिटून कुठलाही उचला."

"आणि नाही बसला तर?"

लॅम्बर्टने कोठीचं दार उघडलं. साहेबांनी नट आणला, स्वतःच्या हाताने लावला. मुरंब्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा तो गरगर फिरत आत गेला. लॅम्बर्टने हँडल मारलं. मोटार खोकली, शिंकली आणि डरकाळली.

"चढा बाई, चढा!" साहेबांनी मला विनीसकट वर ओढलं. अंगणात गरागरा फेऱ्या सुरू झाल्या. माझी टोपी उडाली, कारागीर ओरडत मागे धावले.

"ऑर्डर पक्की!" साहेब गरजले. "आणि हा पोपट माझा! रंग बदललात तर बघा!"

"अहो, हळू! मूल आहे!" मी ओरडत होते, पण हसू इतकं येत होतं की कुणाला ते खरं वाटेना.