चौथी दोरी

दोरीमास्तरांनी उभ्या हयातीत हजारभर तंबू बांधले. सर्कशीचे बांधले, शाळांच्या बक्षीस समारंभाचे बांधले, एकदा तर आजारी हत्तीसाठी बांधला. पण मोटारसायकल कधी बांधली नव्हती. त्या सकाळी ती बांधायची होती, आणि तीही स्वतःचीच.

मोटारसायकल निघाली होती लेकीबरोबर. लेकीला साठ किलोमीटरवर दूध तपासायची नोकरी लागली होती. रोज वीस गोठे फिरायचे, तर दुचाकी स्वतःची हवी, आणि ती उद्या सकाळी नऊला ऑफिसच्या दारात उभी दिसली पाहिजे. नाही दिसली तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला. लेकीनं बाबांकडे गाडी मागितली. मास्तरांचे गुडघे आता किक मारताना कुरकुरायचे, त्यामुळे त्यांनी लगेच "ने की" म्हटलं. म्हणून झाल्यावर तीन दिवस ते गाडी पुसत बसले. इतकी पुसली, की चिमणी येऊन टाकीवर स्वतःशीच भांडून गेली.

लेकीच्या हातात लायसन्स येऊन आठच दिवस झालेले. तेव्हा गाडी खाट-स्टोव्हबरोबर पिकअपमधून जाईल, असं आईनं ठरवलं. आईनं काही ठरवलं की त्या घरात वारासुद्धा वाट बदलायचा.

पिकअपवाला आला तोच बढाई मारत. "फ्रिज नेलेत, कपाटं नेलीत. एकदा दातांच्या डॉक्टरांची खुर्ची नेली, डॉक्टर खुर्चीतच बसलेले. ओरखडा नाही! खुर्चीला नाही अन् डॉक्टरांनाही नाही."

खाट, स्टोव्ह, ट्रंक एका कडेला लागली. मग पिकअपचा मागचा फाळका पाडून त्याला जाड फळी टेकवली, आणि इंजिन बंद ठेवून तिघांनी गाडी हौद्यात ढकलली. लेक हँडलला, मास्तर आणि पिकअपवाला मागून. आई खालून सूचनांना.

"डावीकडे! अहो, तुमचं डावं नव्हे, गाडीचं डावं!"

"अगं, गाडीचं डावं-उजवं मला ती आणली तेव्हापासून माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच बागेत घातली होतीत ना?"

गाडी चढली. पिकअपवाल्यानं बोटांवर मोजत धडा म्हटला. "साइड स्टँडवर सोडायची नाही. खड्ड्यात स्टँड मोडतो, गाडी झोपते. पुढचं चाक केबिनला टेकवा, गिअरमध्ये टाका, पेट्रोलचा कॉक बंद करा. हँडलपासून दोन दोऱ्या दोन बाजूंना, पुढचे शॉकअप अर्धे दबेपर्यंत खेचायच्या. मागून दोन. चारी दोऱ्या हौद्याच्या कड्यांना. झालं."

"मला दोरी शिकवता?" मास्तरांच्या मिशा ताठ झाल्या. "वादळात तंबू धरलाय मी. आत हत्ती होता."

"तंबू एका जागी उभा असतो मास्तर. ही चालणार आहे."

मास्तरांनी ऐकलं, पण ते कानानं. हातापर्यंत काही पोचलं नाही.

आईनं जुन्या चादरीच्या घड्या आणल्या, दोरी रंगाला घासू नये म्हणून. घडी घालता घालता म्हणाली, "माझं सामान या घरात आणलंत तेव्हा आरसा फुटला होता. तेव्हा कुठं गेली होती ही माया?"

"तेव्हा मी नवीन होतो."

"आरसाही नवीनच होता."

मग आई डबा भरायला आत गेली, लेक हेल्मेट शोधायला गेली आणि पिकअपवाला केबिनमध्ये बसून आरशात दात बघू लागला. मास्तर दोऱ्यांपाशी एकटे उरले. आणि एकटे उरले की मास्तर गात. तंबूवाल्यांचं बांधायचं गाणं ते. हात विसरले तरी गाणं विसरत नाही, म्हणून केलेलं.

पहिली दोरी उगवतीला, ऊन येतंय आत,
दुसरी दोरी मावळतीला, वाऱ्याला दे हात,
तिसरी दोरी डोक्यावरून, कापड राही ताठ,
चौथी दोरी खुंटीला गं, धरतीशी गाठ.

पहिली दोरी हँडलपासून डाव्या कडीला गेली, दुसरी उजव्या. शॉकअप दबले, गाडीनं मान लववली. तिसरी सीटवरून मागच्या कडीला. फाळका लागला. मग अंगणातून ठक ठक आवाज आला, पण त्या घरात तो आवाज म्हणजे घड्याळाची टिकटिक, कुणी मानही वळवली नाही.

"झालं!" मास्तर हात झटकत केबिनमध्ये चढले. बाबा सोबत येणार हे ठरलेलं होतं. आईनं डबा दिला आणि ती दारात थांबली. "तुम्ही जा. घरात एक तरी शहाणं माणूस राहू दे."

पिकअपवाल्यानं गिअर टाकला. पिकअप हातभर पुढे गेली आणि थांबली. त्यानं रेस वाढवली. इंजिन ओरडलं, मागची चाकं जागच्या जागी माती उडवू लागली, कोंबड्या शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या. पिकअप मात्र हलेना.

"हँडब्रेक?" लेकीनं विचारलं.

"सोडलाय."

"पुन्हा सोडा."

त्यानं पुन्हा सोडला. उतरून बॉनेट उघडलं, आत बघून "हं" म्हटलं, बंद केलं. तेवढ्यात लेक मागे गेली. मोटारसायकलच्या कॅरिअरला एक दोरी होती. ती फाळक्यावरून खाली उतरली होती, अंगणातल्या नळाला वळसा घालून ताठ ताणली होती, आणि पायरीशेजारी नव्यानं ठोकलेल्या खुंटीला सुंदर गाठीनं बांधलेली होती. मोटारसायकल तसूभर हलली नव्हती. खुंटीही नाही.

पिकअपवाल्यानं वाकून खुंटी हलवून पाहिली. "मास्तर, तीस वर्षं गाडी चालवतोय. माझी पिकअप कुणी दावणीला बांधली नव्हती."

"गाण्यात खुंटी आहे," मास्तर म्हणाले.

"गाण्यात आहे, पण हातात हातोडा कुणी दिला?" आई पायरीवरून म्हणाली.

हसून हसून लेक खाली बसली. हसू ओसरलं तेव्हा तिनं बाबांकडे पाहिलं. ते दोरी नाही, गाडी बघत होते.

"बाबा, नेऊ नको असं म्हणायचं असेल तर तोंडानं म्हणा. मी ऑफिसात सांगेन काहीतरी."

"काय सांगशील?"

"सांगेन, गाडी घराला बांधलेली आहे."

मास्तर तिच्याशेजारी पायरीवर टेकले. "जिथं तंबू बांधला, तिथं दुसऱ्या दिवशी सोडला. बांधलेलं सोडायचं, हाच धंदा. ही एक गाडी तेवढी कधी सोडली नव्हती." मग म्हणाले, "पण तुला उद्या नऊला पोचायचंय."

"मग गाठ तुम्हीच सोडा. मला नाही सुटायची."

मास्तरांची गाठ वादळाला सुटत नसे, पण टोक ठाऊक असलेल्या हाताला एका झटक्यात सुटे. त्यांनी टोक चिमटीत धरलं. थोडा वेळ नुसतंच धरलं. मग ओढलं.

लेकीनं मोकळी दोरी हातात घेतली आणि गुणगुणली, "चौथी दोरी सोडा बाबा, लांब आहे वाट."

"सोडायची नाही!" पिकअपवाला किंचाळला. "चौथीपण घट्ट! कडीला! मी स्वतः बघणार!"

चौथी दोरी कडीला बसली. मास्तरांनी खुंटी उपटून खिशात टाकली आणि पिकअप निघाली.

दहा किलोमीटरवर थांबून दोऱ्या एकदा तपासायच्या, असा पिकअपवाल्याचा नियम होता. मास्तरांनी तो अकरा वेळा पाळला. दर वेळी उतरून प्रत्येक दोरीवर बोटानं टिचकी मारत, कान लावून सूर ऐकत. पाचव्या वेळी पिकअपवाला वैतागला. नवव्या वेळी तोही उतरून कान लावू लागला. "दुसरी जरा उतरलीय मास्तर," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून ती चढवली.

उन्हं कलताना लेकीची नवी खोली आली. गाडी उतरली. ओरखडा नाही. लेकीनं कॉक उघडला आणि किक मारली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. लेकीनं खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत तीन चकरा घेतल्या, चौथीला बाबांना मागे बसवलं.

"डावीकडे!" मास्तर ओरडत होते. "अगं, गाडीचं डावं!"

निघायची वेळ झाली. पिकअपवाला आत बसला, किल्ली लावली, काढली आणि खाली उतरला. पिकअपभोवती एक चक्कर मारली, चारी चाकांखाली वाकून पाहिलं, मागचा फाळका चाचपला. मग मास्तरांसमोर उभा राहिला. "खिसा दाखवा."

खिसा रिकामा होता.

खुंटी लेकीच्या दाराशेजारी ठोकलेली होती. तिला दोरी नव्हती. लेकीनं तिच्यावर हेल्मेट अडकवलं होतं.