‘येते’ आणि ‘जाते’

बारा नावांपैकी पडद्यावर दोनच दिसत होती. बाकीची माणसं डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसली होती, आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई सकाळपासून पाचव्यांदा फोन करत होत्या.

“भाऊ, इथे एक आजोबा विचारतायत, माझं नाव कुणी खोडलं? काय सांगू?”

“सांगा, पाहतोय म्हणून.”

“ते म्हणतायत, पाहता येत नाही म्हणून तर मी आलोय.”

भाऊंनी फोन आपटला. मग त्यांना वाईट वाटलं, बाईंचा काय दोष? पण हल्ली त्यांना फोन आपटल्याशिवाय ठेवता येत नसे. दरवाजे आपटत, खुर्ची आपटत, घरी एकट्याचं एक ताटसुद्धा आपटत. बायको जाऊन पाच महिने झाले होते.

दोघं वेबसाइट बनवणाऱ्या याच ऑफिसात कामाला होती, शेजारशेजारच्या टेबलांवर, अठरा वर्षं. दवाखान्याची पानं दोघांनी मिळून केलेली. पण रांगेची यादी पडद्यावर छापणारा टॅग, म्हणजे पानात बसवायचा छोटासा प्रोग्राम, तिचा एकटीचा. त्याचं नावच ‘रांग’. पानावर एकीकडे रांग उघडायची, दुसरीकडे बंद करायची आणि मधे एकच ओळ लिहायची: नाव, वेळ, खोली. बंद होण्याआधी टॅग विचारायचा, अजून कुणी उरलंय का? उरलं असेल तर मागे फिरून तीच ओळ पुढच्या नावाने छापायचा. अशी सव्वीस पानं त्या टॅगवर चालत होती. तिच्या हातचं अजून चालतंय असं जगात तेवढंच उरलं होतं. घरचं शिवणयंत्र तर कधीच बंद पडलं होतं.

ऑफिसच्या मुख्य मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, दोन वाजेपर्यंत बघा. नाहीतर मी तो टॅग काढून टाकते. यादी छापायचं तयार सामान मिळतं, सगळं जग तेच वापरतं.”

“टॅगला काही झालेलं नाही.”

“मग लोक कुठे गेले?”

“सर्व्हरचा घोळ असेल. दवाखान्याने यादीच अर्धवट पाठवली असेल.”

“यादी पूर्ण आलीय,” समोरच्या टेबलावरून टेस्टिंगवाली म्हणाली. ती मान वर न करता बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं जास्तच लागायचं. “बारा नावं. तिसऱ्याने आज येणं रद्द केलंय. म्हणजे अकरा दिसायला हवीत.”

“तुला कुणी विचारलं?”

“कुणी नाही. मला कुणी विचारत नाही, म्हणून तर चुका पुढे जातात.”

मॅडम घड्याळाकडे बोट दाखवून गेल्या. साडेबारा वाजले होते.

भाऊंनी पान दहा वेळा उघडलं, दहा वेळा बंद केलं. कुठे लाल अक्षरं नाहीत, कुठे तक्रार नाही. दोन नावं, आणि त्यांच्याखाली दवाखान्याचा फोन नंबर, कामाच्या वेळा, सगळं नीटनेटकं. पान असं साळसूद चेहरा करून बसलेलं की मधे नऊ माणसं गिळलीत अशी शंकाही येऊ नये. त्यापेक्षा आख्खं कोसळलं असतं तर बरं, निदान कुठे दुखतंय ते तरी कळलं असतं.

“तिसऱ्या नावाशी अडतंय,” ते पुटपुटले. “रद्दवाल्याशी. पण इतकी वर्षं लोक रद्द करतायत, तेव्हा नाही अडलं!”

“शेवटचा हात कुणी लावला?”

“कुणी नाही.”

“लावलाय. सोमवारी.” टेस्टिंगवालीने पहिल्यांदाच मान वर केली. “तुम्ही.”

“मी खोलीचा रकाना रुंद केला फक्त!”

“आणि एक शब्द बदललात. उघडून बघा, दिसतंय तिथे.”

भाऊंनी बघितलं. बदलांच्या नोंदीत जुनी ओळ लाल, नवी हिरवी. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले, पण शब्द मराठीच. लाल ओळीत ‘येते’. हिरव्या ओळीत ‘जाते’.

त्यांना सोमवार आठवला. टॅगमध्ये एके ठिकाणी ‘येते’ होतं, एके ठिकाणी ‘जाते’. त्यांनी मनाशी म्हटलं होतं, घराबाहेर पडणारं माणूस ‘येते’ म्हणूनच जातं. दोन्हीचा अर्थ बाहेर पडणं. एका कामाला दोन शब्द कशाला?

एवढंच कारण असतं तर त्यांनी स्वतःला माफ केलं असतं. पण तो शब्द दिसल्याबरोबर त्यांच्या डोक्यात सणक गेली होती. ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून ती हेच म्हणाली होती, “येते रे.” पाच महिने ते या एका शब्दावर चिडून होते. खोटारडी, असं पुटपुटत त्यांनी तो खोडला होता.

आता त्यांनी दोन्ही हुकूम खाली कुठे लिहिलेत ते शोधलं आणि शांतपणे वाचले. सोमवारीच वाचायला हवे होते. ‘येते’ म्हणजे ही फेरी इथेच सोड, काही छापू नकोस, मागे फीर आणि पुढचं नाव घे. ‘जाते’ म्हणजे रांगच संपली, टॅगच्या बाहेर पड आणि खालचं पान चालू दे. रद्द केलेल्या नावाशी ती ‘येते’ म्हणून निघत होती आणि खरंच परत येत होती. भाऊंनी तिला ‘जाते’ म्हणायला लावलं. मंगळवारी, बुधवारी कुणी रद्द केलं नाही, म्हणून आज उजाडेपर्यंत कळलं नाही.

त्यांनी शब्द परत लावला. अकरा नावं आली.

काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. “आलं हो आजोबांचं नाव! ते म्हणतायत, उशीर केलात तो केलात, अक्षरं तरी मोठी करा.”

“करतो म्हणावं,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी फोन नुसता ठेवला.

मॅडमनी पडद्याजवळ वाकून नावं मोजली. “ठीक आहे. राहू दे टॅग. पण भाऊ, हे येते-जाते काय आहे ते वर लिहून ठेवा. उद्या दुसरं कुणी हात लावेल आणि असाच गोंधळ घालेल.”

“दुसरं कुणी एवढं गाढव नसतं,” टेस्टिंगवाली म्हणाली. या वेळी जरा हळू.

भाऊंनी फाइलच्या डोक्यावर लिहिलं: येते – या नावापुरती बाहेर, पुढच्या नावाला परत. हे लगेच जमलं. खाली लिहिलं: जाते. आणि हात कळफलकावर तसेच राहिले.

“झालं का?” मॅडमनी आतून विचारलं.

“दोन शब्द लिहायचेत, मॅडम, पोथी नाही! होतंय!”

त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि लिहिलं: जाते – रांग संपली. खालचं पान चालू राहतं.