मास्तरांची दोन मिनिटं

शाळेच्या सभागृहाला तीन पायऱ्या होत्या. वहिनींनी मास्तरांची व्हीलचेअर उलटी ओढत दुसऱ्या पायरीपर्यंत आणली आणि तिथे एक चाक अडकून बसलं. दारावर कापडी फलक लावला होता : ‘किनारा सर्वांचा, निर्णय सर्वांचा’. फलकाखाली दोन कर्मचारी पाण्याच्या बाटल्या मांडत उभे होते. त्यांनी व्हीलचेअरकडे पाहिलं आणि पुन्हा बाटल्यांकडे पाहिलं.

“सर्वांचा निर्णय म्हणे,” वहिनी पुटपुटल्या. “सर्वांनी उड्या मारत आत यायचं.”

मास्तरांच्या तोंडाचा डावा कोपरा जरासा वर गेला. उजवा आता हलत नसे. ज्या हाताने त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर एका झटक्यात गोल वर्तुळं काढून दाखवली, तो हातही मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असे.

आतून भाऊजी धावत आले. मास्तरांचा हा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहायचा आणि गल्लीच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष होता.

“वहिनी, हाक मारायची ना!” त्यांनी एका दमात व्हीलचेअर वर घेतली. “पुढच्या रांगेत जागा ठेवलीय. दादा सगळ्यांना दिसायला हवा आज.”

‘दिसायला हवा’ हे वहिनींना खटकलं. पण भाऊजींपुढे त्या गेली दोन वर्षं उलटून बोलतच नव्हत्या. मास्तर जिवंत होते ते भाऊजींमुळे, असं सगळी गल्ली मानत होती आणि वहिनीही मानत होत्या.

ही गल्ली म्हणजे किनाऱ्याला जाणारा शेवटचा तुकडा. दोन्ही बाजूंना बैठी घरं, पुढे वाळू. कुणीतरी इथल्या सूर्यास्ताचे फोटो मोबाइलवर पसरवले आणि सुट्टीच्या दिवशी जग लोटू लागलं. लोक वहिनींच्या नळावर पाय धुवत. कुंपणावर ओले टॉवेल वाळत घालत. एकदा एका बाईला दया येऊन वहिनींनी संडास वापरू दिला, तर जाताना ती म्हणाली, “स्वच्छ आहे, पण साबण जरा बरा ठेवा.” शिलाई मशीनवर बसून वहिनी हा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज पहिल्या वेळेइतकाच चढत असे. शेवटी गल्लीने ठरवलं : सुट्टीच्या दिवशी दारं-खिडक्या बंद. बेल कितीही वाजो, उघडायचं नाही. ही युक्ती वहिनींचीच. ती सगळ्यांनी तंतोतंत पाळली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीला, आपल्या फाटकापुढे कुणी गाडी लावू नये म्हणून मास्तर बाहेर खुर्ची टाकून बसले होते. तिथेच त्यांना झटका आला. दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीत शिरू शकली नाही. तेव्हा भाऊजींनी आणि गल्लीतल्या चार जणांनी मास्तरांना उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. उशीर झाला, पण जीव वाचला. हे भाऊजींनी दवाखान्यात सांगितलं होतं आणि त्यानंतर ते इतक्यांदा सांगून झालं होतं, की शेजारची मुलंसुद्धा न अडखळता सांगत. गोष्ट निघाली की मास्तर भिंतीकडे तोंड वळवत. त्रास होत असेल आठवून, असं वहिनींना वाटे.

सभागृह गच्च भरलं. व्यासपीठावर सल्लागार कंपनीची एक तरुण मुलगी किनाऱ्याचा मोठा नकाशा लावून उभी होती. तिच्या हातात हिरव्या आणि लाल टिकल्यांच्या पट्ट्या होत्या.

“सुट्टीच्या दिवशी गल्ली बाहेरच्यांना पूर्ण बंद करायची का, हा आजचा मुख्य प्रश्न,” ती म्हणाली. “प्रत्येकाला दोन मिनिटं. मोबाइल वाजला की थांबायचं. मग आपलं मत सांगायचं, मी टिकली लावीन. हिरवी म्हणजे बंदी हवी, लाल म्हणजे नको.”

“आमच्या आयुष्याच्या टिकल्या करणार ही,” वहिनी मास्तरांच्या कानाशी म्हणाल्या.

भाऊजी पहिले उठले. ते चांगले बोलत. कचरा, बाटल्या, रात्री-अपरात्रीचे हॉर्न, सगळं त्यांनी नीट मांडलं. वहिनींची मान आपोआप हलत होती. शब्द न् शब्द खरा होता. मग त्यांनी हात मास्तरांकडे केला.

“हा माझा सख्खा भाऊ. बघून घ्या सगळ्यांनी. ह्याला ह्या लोकांनी असा करून ठेवलाय. त्यांच्या गाड्या मध्ये होत्या म्हणून आम्हाला ह्याला खांद्यावरून न्यावं लागलं. तेव्हा एक तरी पाहुणा पुढे आला का? फोटो काढत होते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, “एकालाही आत सोडू नका!” लोक माना लांब करून मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांच्या ओघळलेल्या ओठांकडे, पट्ट्याने बांधलेल्या पायाकडे. वहिनींनी पदर सावरला आणि त्या उगीचच त्यांच्या आणि त्या नजरांच्या मध्ये सरकून बसल्या.

तेवढ्यात मास्तरांनी डावा हात वर केला.

“काकांना बोलायचंय का?” मुलीने विचारलं.

“त्याला त्रास होतो बोलायला,” भाऊजी म्हणाले. “मी बोललो ते त्याचंच समजा.”

हात खाली आला नाही. मुलीने घड्याळाकडे पाहिलं, मग खाली येऊन माइक पुढे केला. “दोन मिनिटं हं, काका.”

माइक वहिनींनी घेतला आणि मास्तरांच्या तोंडाशी धरला. सुरुवातीला नुसता श्वासच सभागृहभर ऐकू आला. मागे खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं.

“‘आम्हाला’... म्हणजे... गल्लीतलं...” मास्तर थांबले. “कुणी... नव्हतं.”

“काय म्हणतायत?” मागून आवाज आला.

“कुणी... उचललं नाही. गल्लीतल्या.”

भाऊजी हसले, समजुतीचं हसू. “दादा, अरे तू शुद्धीत नव्हतास. तुला त्या दिवसाचं काय आठवणार?”

“सगळं,” मास्तर म्हणाले. हा एक शब्द न अडखळता आला.

मग पुन्हा एकेक शब्द ओढून आणावा लागला. “मुलं होती... पोहून आलेली. ओली. चादरीत... घातलं मला. एक मुलगी... माझं डोकं... धरून.”

वहिनींना दवाखान्यातली नर्स आठवली. शर्ट कापताना ती म्हणाली होती, “किती वाळू ही! किनाऱ्यावर पडले का?” वहिनी नाही म्हणाल्या होत्या, फाटकापाशी पडले. पुढे विचारच केला नव्हता. आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या दाराशी उभे असलेले भाऊजी आठवले. त्यांचा शर्ट इस्त्रीचा होता, कुठे चुरगळलेलासुद्धा नव्हता.

त्यांनी वळून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी नकाशाकडे बघत होते. वहिनींची कानशिलं तापली. दोन वर्षं त्यांनी ह्या माणसाच्या घरचे पडदे, उशांचे अभ्रे, सुनेचे ब्लाउज फुकट शिवले होते, मान खाली घालून.

“बेल... वाजवली,” मास्तर म्हणाले.

“कुणी, काका?”

“त्या मुलांनी. पाणी मागत... होती. मदत. दारं वाजवली. कुणी... उघडलं नाही.”

“कुणाची बेल वाजवली?” मुलीने विचारलं. तिच्या आवाजातली घाई आता कमी झाली होती.

“सगळ्यांची.”

समोरच्या घरातले बँकवाले काका चष्मा पुसायला लागले. कोपऱ्यावरच्या घरातली सून जमिनीकडे बघत बसली. मघाशी ‘सोडू नका’ म्हणून ओरडलेला आवाज पुन्हा आला नाही.

वहिनींच्या हातातला माइक जड झाला. ती दुपार त्यांना स्वच्छ आठवली. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांना त्या दुमड घालत होत्या. बेल वाजली. पुन्हा वाजली. मग कुणीतरी बटणावर बोट दाबूनच धरलं. “मरा तिकडे,” असं त्या भिंतीला म्हणाल्या होत्या आणि बेल ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी मशीनच्या पायडलवर पाय जोरात मारला होता. पुष्कळ वेळाने बेल थांबली, तेव्हा त्यांना जिंकल्यासारखं वाटलं होतं. त्यानंतर भाऊजींचा फोन आला.

मुलीचा मोबाइल वाजला.

“धन्यवाद, काका. वेळ झाली,” ती चाचरत म्हणाली. एका बोटावर तिने हिरवी टिकली घेतली होती, दुसऱ्यावर लाल. “मग काकांचं मत... बंदीच्या बाजूने धरू की विरुद्ध?”

“विरुद्ध काय, विरुद्ध?” भाऊजी पुढे आले. “त्याला दम लागलाय, दिसत नाही का? वहिनी, द्या तो माइक इकडे. घरी घेऊन जा त्याला.”

मास्तर भाऊजींकडे बघत नव्हते. ते वहिनींकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. गेल्या दोन वर्षांत वहिनी त्यांच्या ओठांवरून शब्द आधीच ओळखायला शिकल्या होत्या. पाणी, उशी, दिवा. आता ते ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. ‘आपलीही’मधल्या ‘आप’पर्यंत येऊन ते अडले होते. पुढचं अक्षर यायला नेहमीसारखा वेळ लागणार होता.

भाऊजींचा हात माइकवर आला. वहिनींनी तो झटकला, जोरात, सगळ्यांदेखत. माइक कर्कश किंचाळला.

“काकू, पुढच्या लोकांना पण—” मुलगी म्हणाली.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी माइक दोन्ही हातांत धरला आणि मास्तरांच्या तोंडाच्या आणखी जवळ नेला. “त्यांचं अजून संपलेलं नाही.”