मोतद्दारांच्या घरचा फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय; दहा बाय सहाचा, कडेने आठ भोकं पाडलेला. माझा जन्म मंचरला, गोकुळच्या दुकानात. जन्मतःच पोटावर तलवारवाला सरदार होता. पगडी कुठल्याशा नाटकाच्या फोटोतली, छाती एका पैलवानाची आणि तोंड अवसरी बुद्रुकच्या संपतचं.

संपतला पूर्वजांचा भारी नाद. घरच्या पेटीत मोडी लिपीतला कागद सापडला, तो त्याने ओतूरच्या कॉलेजातल्या नूतन मॅडमना मोबाईलवर पाठवला. मॅडमनी फोन केला, "तुमच्या पूर्वजाचं नाव महादू, काम मोतद्दार. आता मोतद्दार म्हणजे..."

"कळलं की, मॅडम. सुभेदार, जमादार, मोतद्दार. येवढं आमाला समजतं. तुमी सत्काराला या." त्याने फोन ठेवला आणि अर्ध्या तासात मी छापून तयार. ‘मोतद्दार घराण्याचा भव्य सत्कार.’ आयोजक संपत, सत्कारमूर्तीही संपत.

इथवर गंमत होती. पण मला अंगणात बांधता बांधता तो चुलतीला, ठमाबाईला, म्हणाला, "काकू, घोडी इकायचं ठरवलंय. सरदाराच्या घरात बाईनं लीद काढणं शोभत न्हाई. उद्या सत्कार झाला की पावणं येऊन नेणार."

ही घोडी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलांच्या पुढे पळते. नवरा गेल्यापासून तिचं सगळं ठमाबाईच बघते. ती खरारा घेऊन गोठ्यात गेली आणि घोडीच्या मानेला बिलगून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठही भोकांत सुतळी, जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. माझ्यावरचा सरदार बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग माईक घेऊन म्हणाल्या, "मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. खरारा करायचा, लीद काढायची. या कागदात महादूने तक्रार केलीय, की घोड्याला दाण्याची चंदी वेळेवर मिळत नाही."

माझ्यावरचा संपत करारीच राहिला, खुर्चीतल्या संपतचं तोंड मात्र उतरलं.

ठमाबाई बायकांतून उठली. "म्हंजी मी करते त्येच काम व्हय?"

"तेच, आजी."

"मग संपत, मोतद्दार मी हाये. शाल हिकडं आण."

शाल खांद्यावर घेऊन ती दावं घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली. "पावणं, च्या पिऊन जावा. मोतद्दाराच्या घरातली घोडी इकत न्हाईत."

संपत तोंड उघडणार होता, पण अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता आणि मांडव त्यानेच घातला होता.

हल्ली मी गोठ्याच्या पश्चिमेला पडदा म्हणून असतो. घोडी माझी कड चघळते. सरदाराचा एक पाय तिच्या पोटात गेलाय. माझी तक्रार नाही. अंगणात होतो तेव्हा खोटं बोलत होतो, इथे निदान वारा अडवतो.

परवा जनगणनेचे गुरुजी आले. "आजी, व्यवसाय काय?"

"मोतद्दार."

"म्हणजे?"

डोक्यावर लिदीची पाटी घेतलेला संपत म्हणाला, "लिवा तसंच, गुरुजी. अर्थ पुढली पिढी काढंल."

त्या पुढल्या पिढीला माझा रामराम. अर्थ काढायला बसाल तेव्हा मी काही उरलेला नसेन. तेवढं आधी गोठ्यात डोकावून या.