थांबून खायला घाला

तीन नंबरच्या टाकीत बासा माशाची सहाशे पिल्लं होती, हवेचे दोन पंप, एक तापमापक, शेजारी चार किलो खाद्य आणि काचेवर चिकटवलेली माझी इंग्रजी चिठ्ठी. या सगळ्यांत मला अभिमान फक्त चिठ्ठीचा होता.

पिल्लं चौथ्या काकांची, त्यांच्यावरचा प्रयोग माझा. मी इंग्रजीच्या परीक्षेला कॅन थो शहरात निघाले होते. पास झाले तर पुढचं शिक्षण नॉर्वेत. तिथूनच काकांकडे काम शिकायला आलेला ट्रुल्स दोन दिवस टाकी सांभाळणार होता.

आमच्या व्हिएतनामीत क्रियापद कधी रूप बदलत नाही. इंग्रजीत मात्र काहींच्या पुढे 'टु' लागतो, काहींच्या पुढे 'इंग'. मी त्यांचा तक्ता केला होता. नऊ क्रियापदांना दोन्ही चालत होतं. दोन्ही चालतं म्हणजे अर्थ एकच, असं ठरवून ती नऊ मी सोडून दिली. विज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे.

परीक्षेत आठव्या प्रश्नातल्या माणसाचं पोट भरलं होतं. मी 'स्टॉप्ड ईटिंग'वर खूण केली: त्याने खाणं थांबवलं. मग उरलेला पर्याय वाचला, 'स्टॉप्ड टु ईट'. म्हणजे तो खाण्यासाठी थांबला.

चिठ्ठीत मी लिहिलं होतं: पाणी गढूळ दिसलं तर 'स्टॉप टु फीड'.

फोन बाहेर जमा होता. एकदा बाहेर गेलात की परत प्रवेश नाही, असं पर्यवेक्षकबाईंनी बजावलं. मी पेपर त्यांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन काकांना फोन लावला.

"काका, ट्रुल्स खाद्य टाकतोय का?"

"टाकतोय म्हणजे? पाणी गढूळ दिसलं की हातातलं काम सोडून धावतो. टाकलं की आणखी गढूळ, की पुन्हा धावतो."

"मग अडवायचं ना त्याला."

"अडवलं की तुझा कागद दाखवतो. म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी, तिने काहीतरी नवीन शोधलं असेल."

खाद्य उचलून ठेवा आणि अर्धं पाणी बदला, एवढं सांगून मी बस पकडली. संध्याकाळी ट्रुल्स टाकीपाशीच उभा होता, ओशाळलेला. सूचना त्याला विचित्र वाटली होती, पण व्याकरण निर्दोष होतं, असं तो नम्रपणे म्हणाला.

पिल्लं आम्ही जाळीने दोनदा मोजली. जिवंत: सहाशेपैकी चारशे सदतीस. परीक्षेचा निकाल नंतर आला: चाळीसपैकी आठ.