एकदा कवचाशिवाय

भाचीचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि नळीकाकांनी अजून उत्तर धाडलं नव्हतं. लिहिलं मात्र सात वेळा होतं.

पत्रात फार काही नव्हतं. तिच्या घरामागं मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि त्यानंतर मधमाश्यांच्या पाच पेट्या रिकाम्या झाल्या. 'मामा, लोक म्हणतात, लहरींनी माश्या मरतात. खरं असेल तर महिनाअखेर सगळ्या पेट्या देऊन टाकते आणि हे काम सोडते. तू जन्मभर प्रयोगशाळेत होतास. तू सांग.'

प्रयोगशाळेत ते होते, पण शाळेच्या, आणि तेही मदतनीस. नळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. पोरांनी नाव ठेवलं ते त्यावरूनच. भाचीसाठी त्यांनी वाचनालयातलं लहरींवरचं पुस्तक अन् पुस्तक चाळलं होतं. जितकं वाचावं तितकं 'बहुधा' आणि 'आजवर तरी' हेच हाती लागे. एवढ्याशा शब्दांवर तिनं काय ठरवावं, असं वाटून ते पत्र फाडत.

महिना संपायला चार दिवस उरले असताना वाचनालयाच्या सभागृहात लहरीगुरुजी नावाचे एक बुवा अवतरले. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात माळ. म्हणजे दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांची सोय. पाय ठेवायला जागा नव्हती. काका खांबाआड उभे राहिले.

गुरुजींची जीभ सुटली होती. चिमण्या गेल्या, माश्या चालल्या, आता पाळी माणसांची, असं सांगून त्यांनी एका बाईचा फोन मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावरून वाचनालयाचाच नंबर लावला. शेजारी ठेवलेल्या लहरी मोजायच्या पेटीतला काटा सपकन तांबड्यात गेला. पेटी किंचाळू लागली. लोकांनी श्वास रोखला. कोपऱ्यातला फोन ग्रंथपालबाईंनी उचलला, तेवढ्यात गुरुजींनी फोनच्या पाठीवर नखाएवढी सोनेरी चकती चिकटवली. 'लहरीकवच,' ते हलकेच म्हणाले. काटा सुस्कारा टाकल्यासारखा खाली आला. टाळ्या पडल्या. माश्यांच्या पेट्यांसाठी, गोठ्यासाठी, पाळण्यासाठी वेगवेगळी कवचं होती. रांग लागली.

काकांना मात्र खटकत होतं. चाळीस वर्षं त्यांनी एकच शिस्त पाळली होती: औषध घातलेल्या नळीशेजारी एक बिनऔषधाची नळी ठेवायची. ती नळी इथं कुठं होती? आपण कोण विचारणारे, असं मनात येतंय तोवर तोंडून निघूनही गेलं.

'एकदा कवचाशिवाय करून बघू या का?'

सगळं सभागृह खांबाकडं वळलं. काकांचे कान तापले.

'आजोबा, शंकेला औषध नाही,' गुरुजी हसले.

'शंकेला नसू दे, काट्याला बघू,' ग्रंथपालबाई म्हणाल्या. 'लावा नंबर.'

नाही म्हणायची सोय नव्हती. गुरुजींनी चकती सोलून काढली आणि नंबर लावला. काटा तांबड्यात गेला, फोन उचलला गेला, आणि चकती नसताना तस्साच खाली आला.

गुरुजी गडबडले, पण क्षणभरच. कवचांची शक्ती एव्हाना सभागृहभर पसरली आहे, असं त्यांनी सांगितलं. रांगेतल्या माना डोलल्या.

'मग आता आधीच चिकटवा,' काका म्हणाले. 'एक नको, दहा चिकटवा. आणि मग नंबर लावा.'

ग्रंथपालबाईंनीच दहा चकत्या डकवल्या. फोन सोन्याच्या विटेसारखा दिसू लागला. नंबर लावताच काटा थेट तांबड्यात.

मागून कुणीतरी म्हणालं, 'गुरुजी, शक्ती जेवायला गेली वाटतं.' हशा पिकला, रांग मोडली.

लोकांनी काकांना पुढं ओढलं. अडखळत त्यांनी सांगितलं, लांबच्याला हाक मारताना आपण ओरडतो आणि त्यानं ओ दिली की आवाज उतरवतो. हा फोनही तसाच. जोडणी होईतो जोर लावतो, मग लागेल तेवढाच ठेवतो. गुरुजी फक्त तो जोर उतरायची वेळ साधून चकती चिकटवत होते.

'म्हणजे लहरींनी काहीच होत नाही ना?' फोनवाल्या बाईंनी विचारलं.

काका घुटमळले. 'जोरदार असल्या तर वस्तू तापवतात. टॉवरच्या ऐन तोंडाशी कुणी जाऊ नये. रस्त्यावर पोचतात त्या फार क्षीण. त्यांनी इजा होते असं आजवर तरी नीट दिसलेलं नाही. माश्यांवर अभ्यास थोडा झालाय. याहून जास्त मला ठाऊक नाही.'

बाईंनी मान डोलावली. एवढं त्यांना पुरलं होतं. हेच तर आपण सात वेळा फाडलं, हे काकांच्या तेव्हा ध्यानात आलं.

तिथंच, वाचनालयाच्या टेबलावर, त्यांनी आठवं पत्र लिहिलं.

'पेट्या देऊ नकोस. टॉवरनं झालं असेलही, पण तसं दिसत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. टॉवरपासून लांब असलेल्या पेट्यांचं काय झालं, ते आधी बघ. त्याही रिकाम्या झाल्या असतील तर टॉवरला सोडून दे. माश्या असलेल्या एका पेटीच्या तळाशी तेल लावलेला पांढरा कागद तीन दिवस ठेव. त्यावर तांबूस ठिपक्यांसारखे किडे पडले तर खरे चोर ते, आणि त्यांच्यावर इलाज आहे. लहरींवर चकत्या विकणारे कुणी गुरुजी तिकडं आले तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही नको. करून बघ. उत्तराला उशीर झाला, चूक माझी.'

पाकीट त्यांनी टपालपेटीच्या तोंडाशी क्षणभर धरलं, मग सोडलं. आत टप्पकन आवाज झाला. आता ते काढून परत वाचायची सोय नव्हती, आणि काकांना त्याचंच बरं वाटलं.